एका तव्यावरच्या दोघी

मी सरळच सांगते, दारात वही घेऊन येणाऱ्या माणसांचा मला लई राग हाय. येतात, नाव-गाव विचारतात, तांब्याभर पाणी पितात आन् जातात. परत तोंड दाखवत न्हाईत. म्हणून ती बुद्धप्रियाबाई आमच्या गल्लीत आली तवा मी उंबऱ्यावरनंच म्हणले, "बाई, हितं काय मिळायचं न्हाय. पुढचं घर बघा."

ती हसली आन् म्हणली, "मावशी, पुढच्या घरानं मला तुमच्याकडंच धाडलंय."

पोरगी आपल्या सोलापूरचीच. बाप मार्केट यार्डात हमाल. शिकत शिकत अर्थशास्त्रातली डॉक्टर झाली. बायका दिवसभर किती राबतात आन् सरकारी आकड्यात त्यांचं काम धरतात का न्हाय, ह्याच्यावर तिचा अभ्यास. पयल्या दिवशी तिनं चाळीस बायकांना विचारलं, "तुम्ही काम करता का?" सदतीस जणी म्हणल्या, "न्हाय की, घरीच असते." त्यातली एक सूप मांडीवर घेऊन विड्या वळत व्हती आन् दुसरी टॉवेलाचे गोंडे बांधत व्हती!

सांजच्याला ती माझ्या दारात बसली आन् एकेका कागदावर रेघ मारत सुटली. मी म्हणले, "अगं बया, दिवस वाया गेला की तुझा!"

"बायका बरोबरच बोलल्या मावशी. माझा प्रश्नच चुकला."

इतकं शिकलेलं माणूस 'माझं चुकलं' म्हणतंय, हे मी जल्मात पयल्यांदा ऐकलं. तिच्यासाठी चहा टाकला. आता टाकला म्हणजे सुनेला, रेश्माला टाकायला लावला. मी कशाला उठते?

माझी वळख सांगायची राहिली. सोनाबाईची कडक भाकरी म्हणलं की गल्लीत शेंबडं पोरबी माझं घर दाखवतंय. कागदावाणी पातळ, महिनाभर टिकणारी. माझा लेक अमृत टेम्पोत घालून पार अक्कलकोटला शरणप्पाच्या दुकानात पोच करतो.

तवा आमच्या घरात धुसफूस चालली व्हती. युनिफॉर्मच्या कारखान्यात बायकांना कापड कटिंग शिकवणार व्हते. तीन महिने, दहा ते पाच, मग तिथंच नोकरी. रेश्मानं फॉर्म आणलेला. सोमवार शेवटचा दिवस. मी म्हणले, "घरचं कोण बघणार? तू नुसती घरात बसून असतीस, ते काय जड झालं व्हय तुला?" अमृत म्हणला, "आई म्हणेल तसं." रेश्मानं फॉर्म पिठाच्या डब्याखाली सारला आन् बोलायचीच बंद झाली.

शनिवारी बुद्धप्रियाबाई परत आली. ह्या खेपेला वही न्हाय, ओच्यात ज्वारी! गल्लीतल्या बायका माझ्या दारात बसवून प्रत्येकीला अठ्ठेचाळीस दाणे दिले. एक दाणा म्हणजे अर्धा तास. पुढ्यात तीन वाट्या: झोपेची, जेवणखाण-आरामाची, कामाची. "कालचा दिवस आठवा आन् टाका," म्हणली. कामाचा दाणा टाकला की कसलं काम ते तोंडानं सांगायचं.

मी झोकात सुरू झाले. पहाटे पाच ते नऊ, भाकरी थापणं-भाजणं, आठ दाणे. रेश्मा तिकडं खाली मान घालून टाकत व्हती. तिच्या झोपेच्या वाटीत बारा, आरामाच्या वाटीत चार. कामाच्या वाटीत बत्तीस. सोळा तास! मी म्हणले, "ए, खोटं का टाकतीस गं?"

बाईनं तिला काय विचारलं न्हाय. मला विचारलं, "मावशी, पाच ते नऊ भाकरी तुमच्या वाटीत हाय आन् तुमच्या सुनेच्यापण. तुमच्याकडं तवे किती?"

"एकच. बिडाचा. माझ्या सासूचा."

"मग काल तव्याफुडं कोण व्हतं?"

अंगाची नुसती आग झाली. तोंडापातूर शिवी आली. पण ती पोरगी वर बघून हसत न्हवती, दाणे मोजतबी न्हवती. नुसती थांबली व्हती. आन् मला आठवलं, आठ वर्सं झाली, माझी बोटं आखडली तवापासनं मी दारात बसून गिऱ्हाईक बघते. भाकरी रेश्मा करती. देवाशपथ सांगते, मी खोटं बोलले न्हवते. सुनेचे हात म्हणजे माझेच हात, असंच मी धरून चालले व्हते. माझ्या सासूनंबी माझे तसेच धरले व्हते, आन् तवा मी चुलीफुडं किती रडले व्हते, ते कसं इसरले कोण जाणे.

मी माझ्या वाटीतले आठ दाणे उचलले आन् रेश्माच्या वाटीत टाकायला गेले. बाईनं हात धरला. "त्यांचे त्यांनी टाकलेत मावशी. तुमचे फक्त काढा."

शाबास! अशी बाई पायजे. एक उपदेश न्हाय, एक भाषण न्हाय.

सोमवारी मीच रेश्माला फॉर्मासकट कारखान्यात घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "सध्या काय करतात?" आन् उत्तराच्या आधीच लिवाय लागला, 'काही नाही'. मी म्हणले, "खोड ते! आठ वर्सं भाकरीचा धंदा करती. लिव!" त्यानं गुमान खोडलं.

रेश्माला आता घरचं उरकून दहाच्या आत कारखान्यात पोचायचं असतं, म्हणून पहाटे तव्याफुडं मी असते. बोटं ठणकतात. थापायला गेले की कडा फाटतात. पयल्या आठवड्यात निम्म्या भाकरी शेजारच्या म्हशीला गेल्या. अमृतला म्हणले, "बघत काय उभारलास? पीठ मळ." मळतो बिचारा, दगडावाणी मळतो.

परवा शरणप्पा सोताच आला. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आन् कपाळाला आठ्या. "यव्वा, हे काय झालं? आठ वर्सं सोनाबाईची भाकरी विकतो मी. आज ती चव न्हाय."

मी पदरानं घाम पुसला. म्हणले, "शरणप्पा, आठ वर्सं तू रेश्माची भाकरी विकलीस. सोनाबाईची आज पयल्यांदा खातोयस."