कुंकवाची भगर

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आमच्या गावच्या टेकाडावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या धाड गावाहून जीपगाड्या भरभरून येत होत्या. टपावर माणसं, मागच्या शिडीला लटकलेली माणसं. एक गाडी तर थेट देऊळगाव राजाहून आली होती. देवळाच्या बंद दारासमोर बायका ओटीची ताटं घेऊन दाटीवाटीनं बसल्या होत्या. दाराला कुलूप होतं, कुलपावर लाखेचा शिक्का होता, आणि तो शिक्का मारला होता मी.

मी म्हणजे भागवत, गावातला पीठगिरणीवाला. बारावी सायन्सला दोनदा नापास झालो, पण कुठं चमत्कार झाला म्हटलं की माझं डोकं तापतं ते तापतंच. दोन महिने तापून राहिलं होतं. ज्येष्ठात हरिओम नावाचा एक माणूस झोळी घेऊन आला, पडक्या देवळात राहिला आणि पंधरा दिवसांत कुंकुमानंद महाराज झाला. त्याचा चमत्कार असा : बुधवारी देवीपुढं परातभर भगर शिजवून ठेवायची. त्यावर देवीचं हिरवं वस्त्र ओलं करून पांघरायचं. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली महादेवरावांकडं द्यायची. महादेवराव म्हणजे गावचे जुने पोलीस पाटील, खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. शुक्रवारी दार उघडलं की पांढरी भगर लाल!

माझा संशय हळद-चुन्याच्या लाल रंगावर होता. हा बाबा मधेच कुठून तरी आत शिरून रंग करत असणार. म्हणून या खेपेला मी महादेवरावांना म्हणालो, कुलपावर शिक्का मी मारतो. ते म्हणाले, मार.

शिक्का शाबूत निघाला. दार उघडलं, महाराजानं वस्त्र उचललं आणि बायकांनी एकच गलका केला. परातीत जागोजागी लालभडक ठिपके, कुठं कुठं कुंकू सांडल्यासारखे थर.

"पाहा बाप्पा, पाहा!" महाराज ओरडला. "आई बोलत नाही, आई लिहिते! डाक्टर लिहिते ते केमिस्टले वाचता येते, आई लिहिते ते फक्त मले वाचता येते! ज्याच्या पोटात हा घास गेला, त्याच्या घरावरची पीडा गेली!"

"काय भागवतभाऊ," मागून कोणीतरी बोललं, "आता तुह्या गिरणीत थोडी अक्कल दळून घे!"

लोक हसले. मी शिक्क्याचे तुकडे हातात घेऊन उभा. चिमूट चिमूट प्रसाद सगळ्यांना मिळाला. दुपारपर्यंत गावातली अकरा माणसं ओकायला लागली. महादेवरावांना तर धाडला नेऊन सलाईनच्या दोन बाटल्या लावाव्या लागल्या. मला वाटलं, आता तरी लोक शुद्धीवर येतील. कसचं काय! महाराज म्हणाला, "पीडा आत बसली होती, ते बाहेर पडून राह्यली." आणि ज्यांना काहीच झालं नाही ते? "त्यायले पीडाच नोती!" म्हणजे ओकलं तरी बाबा खरा, नाही ओकलं तरी बाबा खरा.

संध्याकाळी घरी आलो तर अन्नपूर्णा, माझी बायको, देवघरात पळसाच्या पानाची पुडी ठेवत होती. पुडीत लाल भगर.

"हे कायले आणलं?"

"राहू द्या तिथंच. पुढच्या शुक्रवारी जिवतीची पूजा आहे. त्या दिवशी आईसमोर बसवून छायाले या प्रसादाचे सात घास खाऊ घालीन, असा नवस बोलली मी."

छाया आमची एकुलती लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर वर्षभर ती पोर नीट हसली नव्हती.

"अवो, डोकं फिरलं काय तुमचं? महादेवराव सलाईनवर आहे अन् तुम्ही पोटुशा पोरीले..." चिडलो की मी बायकोला अहोजाहो करतो, ही जुनी खोड.

"तुम्हाले काय समजते?" तिचा आवाज चिरकला. "मागच्या खेपेले डाक्टर होता, सोनोग्राफी होती, गोळ्या होत्या. राह्यलं काय लेकरू? सांगा ना, राह्यलं काय?"

छाया दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, भांडू नका. आईच्या मनाले बरं वाटन तं खाते मी."

शनिवारी पुष्पांजली आली, माझ्या मोठ्या भावाची मुलगी. तिच्या भावाला राखी बांधायला अकोल्याहून दरवर्षी गावी येते. तिथं एका प्रयोगशाळेत ती संशोधन करते. जेवणात कोणते जंतू वाढतात, कशानं वाढतात, कशानं मरतात, एवढंच तिचं काम. सहा वर्षं पोरगी लोकांचं नासलेलं अन्न भिंगाखाली पाहून राहिली आहे. मी तिला हाताला धरून देवघरात नेलं. तिनं पुडी उघडली, बघितली, आणि तिचा चेहरा उजळला.

"काका, हे सापडलं कुठी तुम्हाले? असं तं मी फक्त पुस्तकात अन् काचेच्या बशीत पाह्यलं!"

"पोरी, कौतुक काय करतं! तुही काकू छायाले खाऊ घालून राह्यली हे!"

ती गंभीर झाली. पण काकूवर हसली नाही, ओरडलीही नाही. स्वयंपाकघरात तिच्यापाशी जाऊन बसली. "काकू, घरी केलेली भगर उरली, तं दुसऱ्या दिवशी खाता काय तुम्ही?"

"हट! भगर लगेच आंबते. म्हशीले टाकते मी."

"मंग हे तं चौथ्या दिवसाची."

"तो नैवेद्य आहे पोरी. नैवेद्य कुठी शिळा होते काय?"

झालं! सगळी गाठ इथं होती. एरवी माझी बायको सकाळची भाजी रात्री वास घेतल्याशिवाय वाढत नाही. पण तेच अन्न देवापुढं ठेवलं, की तिच्या लेखी घड्याळ बंद.

पुष्पांजली म्हणाली, "काकू, उद्या एक करून पाहू. भगर तुम्हीच शिजवा. प्रसादाचा एक कण घोटभर पाण्यात कालवा. त्यात काडी बुडवून ताटातल्या भगरीवर तुमच्या मनात येईन ते काढा. मंगळवारपर्यंत लाल नाही झालं, तं सात घास मी सोता छायाले भरवीन."

मी किंचाळलोच. ही पोरगी माझी लेक पणाला लावत होती! पण अन्नपूर्णा तयार झाली.

रविवारी तिनं भगर शिजवली. दोन ताटं उकळत्या पाण्यानं धुतली, दोन्हींत भगर थापली आणि निवू दिली. पुष्पांजलीनं सांगितलं तसे प्रसादाच्या पाण्याचे दोन भाग केले. एक भाग तसाच ठेवला, दुसरा गॅसवर खळाखळा उकळून गार केला. पहिल्या ताटात कच्च्या पाण्यानं तिनं गोपद्म काढलं, गायीची पावलं, अंगणात रोज काढते तशी. दुसऱ्या ताटात उकळलेल्या पाण्यानं तेच. दोन्ही झाकून आतल्या खोलीत ठेवली. ताटात ना रंग ना काही, दोन्ही पांढरीफटक.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गिरणीत लक्ष लागेना. सिंधूताईचं ज्वारीचं पीठ एवढं जाडं निघालं, की ती म्हणाली, "भागवता, याच्या भाकरी करू का कण्या शिजवू?" मी घरी जाऊन झाकण उचलायला हात घालायचो आणि पुष्पांजली ओरडायची, "काका, हात नका लावू!" आणि नाही आलं लाल तर? जंतूंनी नेमका दगा दिला तर?

मंगळवारी सकाळी अन्नपूर्णानं पहिलं झाकण उचललं. गोपद्म उमटलं होतं. लाल, रेघ न् रेघ, तिच्या हाताला वळण आहे अगदी तशी. दुसऱ्या ताटात काहीच नव्हतं.

ती हळूच म्हणाली, "हे तं इरजन होय! चमचाभर दही दुधात टाकलं की दूध दही होते, अन् उकळत्या दुधात टाकलं तं इरजन मरते. तसंच झालं हे."

"अगदी तसंच, काकू!" पुष्पांजली म्हणाली. "दह्याचे जंतू चांगले, हे नासवणारे. ओल अन् शिजलेलं अन्न भेटलं की वाढतात, वाढले की लाल रंग सोडतात. हा तं दिसते तरी. शिळ्या भगरीत याच्यासंग न दिसणारेही वाढतात, लोकं ओकले ते बहुतेक त्यायनंच. आठव्या महिन्यात हगवण लागून अंगातलं पाणी गेलं, तं छायाच्या अन् बाळाच्या जिवाशी खेळ आहे."

"माह्या हातानं खाऊ घालत होती मी," एवढंच अन्नपूर्णा म्हणाली आणि रडली. मला तिचा इतका राग आला होता आठवडाभर, तो त्या क्षणी कुठल्या कुठं गेला.

मग तिनंच विचारलं, "पण देवळात इरजन लावते कोण? कुलूप तं असते."

मला एकदम आठवलं. वस्त्र! त्या वस्त्राला साबण लावायचा नाही, ऊन दाखवायचं नाही, असा महाराजाचा कडक नेम होता. दर बुधवारी तेच ओलं फडकं भगरीवर. कुलूप लावायच्या आधीच चोर आत जात होता आणि मी बाहेर शिक्के मारत बसलो होतो.

बुधवारी अन्नपूर्णा पाच-सहा बायका घेऊन टेकाडावर गेली. सेवा म्हणून बायकांनी परात राखेनं घासली आणि उकळत्या पाण्यानं धुतली. भगर शिजली. मग तिनं ओटीतून नवं हिरवं वस्त्र काढलं, घरी उकळून उन्हात वाळवलेलं. "महाराज, लेकीसाठी आईले नवं वस्त्र बोलली होती. आज हेच पांघरा, माह्याच घरच्या उकळलेल्या पाण्यानं भिजवून."

महाराज दचकला. "नाही नाही! आईले जुनंच लागते!"

"काऊन?" सत्यभामाबाईनं कारण विचारलं. ती महाराजाची पहिली भक्तीण. "ओटीचं वस्त्र आई परत करते काय कधी?" बायका कुजबुजायला लागल्या. ओटी नाकारणारी देवी कोणी पाहिली नव्हती. महाराजाला घ्यावंच लागलं.

घरी पुष्पांजली म्हणाली, "काकू, हवेतूनही जंतू पडू शकते. लाल होणारच नाही अशी खात्री मी देत नाही." म्हणजे आणखी दोन दिवस जिवाला घोर!

शुक्रवारी टेकाड पुन्हा फुललं. छाया पुढं बसली होती. आईनं सांगितलं होतं, नवस बोललेली जागा आहे, ये, पण घास तोंडात घेऊ नको. ओकून ओकून सुकलेल्या महादेवरावांनी कुलूप काढलं. वस्त्र उचललं गेलं.

भगर पांढरी होती. जराशी आंबूस, पण पांढरी.

"कोप!" महाराज गरजला. "कोण्या नास्तिकाची सावली पडली! आई रुसली!"

अन्नपूर्णा उठली. पदराखालचं ताट तिनं सगळ्यांसमोर धरलं. मंगळवारचं लाल गोपद्म. "मंग आई माह्या घरी कशी आली? अन् माह्याच हातची रांगोळी काऊन काढली तिनं?" तिनं सगळं सांगितलं. प्रसादाचा कण, काडी, उकळलेलं पाणी, जुनं वस्त्र. इरजन म्हटल्याबरोबर बायकांच्या लक्षात आलं. मी तासभर भाषण दिलं असतं तरी आलं नसतं.

महाराजानं मग शेवटचं हत्यार काढलं. छायाकडं बोट केलं. "बाई, तोंड सांभाळ! तुह्या लेकीचं पहिलं गेलं ना? हेही जाईन!"

छायानं पोटावर हात ठेवला. अन्नपूर्णानं लेकीकडं वळून पाहिलं. मला वाटलं, मोडली आता ही. मी पुढं धावणार तेवढ्यात तिनं ते ताट महाराजाच्या तोंडापुढं नेलं.

"हे तुमच्याच प्रसादाचं आहे. कुंकू आहे ना आईचं? माह्या लेकीले खाऊ घालाले निघाले होते तुम्ही. घ्या, एक घास पहिले तुम्ही खा."

महाराज मागं सरला. ती पुढं सरकली. तो भिंतीला टेकला, तिनं घास उचलला, आणि तो ओरडला, "दूर कर ते! पाच दिवसांचं शिळं हाय, खाल्लं तं मरीन ना मी!"

ज्या तोंडातून दोन महिने मंत्र निघाले, त्या तोंडातून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. सत्यभामाबाईनं कपाळावर हात मारला. पुढं त्याला काही विचारावंही लागलं नाही. घाबरून तोच बोलत सुटला : तो एका केटरिंगवाल्याकडं आचारी होता, पावसाळ्यात उरलेला भात ओल्या फडक्याखाली लाल झाला, मोठ्या आचाऱ्यानं फेकायला लावला, यानं फडकं जपून ठेवलं आणि इथं येऊन देवीच्या वस्त्राला तेच घासलं. महादेवरावांनी त्याला धाडच्या पोलीस ठाण्यात नेलं.

छाया भाद्रपदात दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, पावणेतीन किलोची, भोकाड अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाणारं. आता माझं सांगणं एवढंच आहे. देवाला हात जोडा, माझी ना नाही. पण जंतूला नैवेद्य आणि उष्टं यातला फरक कळत नाही. हात धुवा, फडकं उकळा, अन्न ताजं शिजवा आणि गरम असतानाच वाटा. आणि तुमच्या लेकीसुनेच्या तोंडाशी कोणी चमत्काराचा घास आणला, तर त्याचा हात धरा आणि म्हणा, पहिले तू खा.