नव्या ग्रिपा आणि कॅप्टनची दाढी

आमचे हे मोटरसायकलवर बसले की वीस वर्षांनी लहान होतात, आणि उतरले की उजवा हात झटकत बसतात. त्या हाताला मुंग्या यायच्या. गाडी जुनी, हँडलवरच्या रबरी ग्रिपा झिजून लाकडासारख्या टणक झालेल्या, आणि इंजिनाची सगळी थरथर थेट तळव्यात. दुसरा कुणी असता तर मी म्हटलं असतं, झटका खुशाल. पण हे न्हावी आहेत. आमच्या सलूनच्या एका बाजूला पुरुषांची खुर्ची, ती यांची. पडद्यापलीकडे बायकांची, ती माझी. यांचा हात म्हणजे आमचं अर्धं घर.

त्यात यांना एक छंद. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन हे दाढी करून देतात. पेटी पाठीवर, गाडीला किक, आणि स्वारी निघाली. मी कितीही बडबडले तरी यांच्या चेहऱ्यावर सुट्टीला निघाल्याची कळा. त्या फेरीतल्या शेवटच्या घरी राहतात कॅप्टन. जहाजावरचे खरेखुरे कॅप्टन, आता गुडघे गेलेले, पण हनुवटी अजून तशीच ताठ. मागच्या फेरीत त्याच हनुवटीवर यांचा वस्तरा घसरला. जखम चिमुकली होती, पण रक्त हट्टी. कॅप्टन हसले, त्यांची लेक मात्र हसली नाही. "पुढच्या वेळी असं झालं तर आम्ही दुसरी सोय बघू," ती म्हणाली.

हे घरी आले ते पेटी न उघडताच बसून राहिले. डॉक्टरांना हात दाखवला. ते म्हणाले, हात ठणठणीत आहे, गाडीची थरथर थांबवा.

"ऐकलंत?" मी म्हटलं. "गाडी विका."

"थरथर थांबवा म्हणाले. गाडी थांबवा नाही म्हणाले."

"गाडी की वस्तरा, एक काय ते ठरवा. पुढच्या फेरीत कॅप्टनच्या दाढीला ओरखडा जरी उठला तरी गाडी विकायची आणि घरोघरी जाणं बंद. कबूल?"

हे हात झटकायचे थांबले आणि म्हणाले, "कबूल." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, म्हणून मी आणखी चिडले.

यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, गल्लीच्या तोंडाशी गाडीच्या सुट्या भागांचं दुकान चालवते. आम्ही सगळे तिला छोटीच म्हणतो, जरी तिचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. तिने भावाला मऊ, जाडसर रबराच्या नव्या ग्रिपा दिल्या, हँडलच्या दोन्ही टोकांना बसवायची लोखंडी वजनं दिली आणि वर एक छोटा गोल आरसा, तोही टोकालाच लावायचा.

"वजनांमुळे हँडल थरथरत नाही, दादा," ती म्हणाली. "आणि नीट ऐक. मोठ्या भोकाची ग्रिप उजवीकडे, कारण तिथे आत अ‍ॅक्सिलरेटरची फिरती नळी असते. बारीक भोकाची डावीकडे. आतून हेअर स्प्रे मार, लगेच सरकव आणि वाळू दे. ओला असताना सरकतो, वाळला की चिकटतो. तुमच्याकडे स्प्रेला काय तोटा."

तोटा नव्हता, पण तो माझ्या कपाटात कुलुपात होता. नवरीच्या केसांसाठी मी चांगला स्प्रे राखून ठेवते, नाहीतर आमच्याकडे पुरुषही डोक्यावर मारून घेतात. दुपारी मी एका बाईच्या केसांना रंग लावत होते, आणि पडद्यापलीकडे यांनी गाडीचं काम काढलं. किल्ली मागायची म्हणजे माझं भाषण ऐकायचं. ते टाळायला यांनी स्वतःचं डोकं चालवलं.

बाकी काम सुबक झालं, हे मान्य करायला हवं. जुन्या ग्रिपा यांनी वस्तऱ्याच्या नव्या पात्याने एका रेषेत चिरल्या, कानाजवळचे कल्ले सारखे करावेत तशा. हँडल पुसून घेतलं. नव्या ग्रिपा हँडलवर अलगद चढल्या. वजनांच्या मागची रबरी बुचं हँडलच्या पोकळीत घालून स्क्रू पिळले. स्क्रू आवळला की बूच आत फुगतं आणि वजन घट्ट धरतं. आरसा लावला. मला बाहेर बोलावून हे म्हणाले, "बघ."

मी पाहिलं. आरशात रस्ता नव्हता, यांची मान होती.

"अहो, मागची वाहनं बघायची असतात, मागचे केस नाही."

"सवय," म्हणत यांनी आरसा वळवला.

दुसऱ्या दिवशी सलूनला सुट्टी. मी सांगितलं, मीही येणार, मला डोळ्यांनी बघायचंय. हे पेटी पोटाशी घेऊन पुढे बसले, मी मागे. किक मारली, गाडी गुरगुरली, यांनी गिअर टाकला आणि उजवी ग्रिप पिळली. गाडी जागची हलली नाही. पुन्हा पिळली. ग्रिप पूर्ण गोल फिरली, आणखी एकदा फिरली, आणि इंजिन मात्र आपल्याच तंद्रीत.

"बंद पडली?" मी विचारलं.

"नाही. चालू आहे."

"मग चला ना."

"मी चाललोच आहे," हे पुन्हा ग्रिप गरगर फिरवत म्हणाले. समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि हात बांधून मजा बघत उभा राहिला.

गाडी ढकलत छोटीच्या दुकानापर्यंत नेली. मी पेटी घेऊन मागून, लोकांना आम्ही एकमेकांच्या ओळखीचे वाटू नये इतक्या अंतरावर. छोटीने ग्रिप बोटाने फिरवली, मग नाक जवळ नेऊन वास घेतला.

"दादा, काय लावलंस?"

"लावलं तेच, केसांचं."

"काय केसांचं?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंडिशनर. म्हटलं, केस ज्याने सरसर सरकतात त्याने रबर का नाही सरकणार. आणि सरकलं की नाही?"

"सरकलं," छोटी म्हणाली. "अजून सरकतंय." आणि काउंटरवर डोकं टेकून ती इतकी हसली की आतल्या गिऱ्हाइकाला वाटलं ही रडतेय.

मला हसू येत होतं आणि रागही. पण ही फेरी चुकली तर कॅप्टनची लेक दुसरी सोय बघायला मोकळी होती. मी सलूनकडे धावले. कपाट उघडून माझा राखीव स्प्रे घेतला, वस्तरे पुसायचं स्पिरिट घेतलं, हेअर ड्रायर घेतला. तोवर यांनी कॅप्टनना फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं होतं. "ते म्हणाले, नांगर टाकून बसलोय, सावकाश या," हे म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मग आम्ही तिघं त्या हँडलला भिडलो. वजनं काढली, ग्रिपा खेचून काढल्या, स्पिरिटने नळी, हँडल आणि रबर आतून पुसलं. पहिल्या पुसण्याला फेस, दुसऱ्याला गुलाबाचा वास, मग कुठे रबराचा. मी ड्रायर फिरवला. आतून स्प्रे मारला, यांनी ग्रिप एका दमात सरकवली, आणि मी वरून पुन्हा वारा दिला, एखाद्या नवरीची बट बसवावी तसा. थोड्या वेळाने यांनी उजवी ग्रिप पिळून पाहिली. आता ती आतल्या नळीला घेऊनच फिरत होती.

वजन बसवताना छोटीने हात धरला. "उजवीकडे थोडी फट ठेव. वजन ग्रिपला घासलं तर ग्रिप पिळल्यावर परत येणार नाही, आणि वहिनीला घेऊन तू थेट समुद्रात जाशील."

"किती फट?"

छोटी फटीत घालायला काहीतरी शोधू लागली. यांनी खिशातून बारीक कंगवा काढला, ग्रिप आणि वजन यांच्यामध्ये धरला, स्क्रू आवळला आणि कंगवा ओढून घेतला. ग्रिप पिळून सोडली. ती पटकन परत आली.

"आता माझ्या स्प्रेचं काय?" मी विचारलं. दोघांनीही ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

गाडी निघाली. खरं सांगते, मागच्या सीटवरही फरक कळत होता. हँडल शांत, यांचे खांदे खाली, आणि हे गुणगुणत होते, बेसूर आणि खुशीत. मी यांच्या उजव्या हाताकडेच बघत बसले.

कॅप्टन खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत वाट बघत होते. लेक बाजूला उभी, हातात कापूस आणि जखमेवर लावायचं औषध तयार. तो कापूस बघून यांचा चेहरा उतरला. यांनी हात धुतले आणि तळवा पुढे धरला. बोटं स्थिर होती. तरी लेक म्हणाली, "बाबा, आजचा दिवस राहू दे का?"

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, तुम्ही आज बरोबर आलात, म्हणजे तुम्हालाही खात्री नाही. खरं की नाही?"

मी त्या कापसाकडे बघितलं.

"मग आधी तुम्ही बसा. मानेवरचे बारीक केस काढून घ्या. तुमची मान शाबूत राहिली तर माझी हनुवटी हजर."

इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना माझ्या केसांना हात लावू दिलेला नाही. माझे केस मी कापते, मागचे छोटी कापते. न्हाव्याची बायको म्हणून ती माझी ऐट. पण तिथे नाही म्हणणं म्हणजे सगळ्यांसमोर यांचा निकाल लावणं. मी दुसरी खुर्ची ओढून बसले, केस वर धरले आणि मान खाली घातली. मागे नवं पातं वस्तऱ्यात बसल्याचा टक् आवाज आला.

थंड धार मानेला टेकली आणि थांबली.

"हलू नकोस," हे म्हणाले.

"मी कुठे हलतेय? तुमचाच हात थरथरतोय. मला कळतंय ना."

"हात मी कधीच उचललाय."

मी मान वळवली. वस्तरा माझ्यापासून हातभर लांब, हवेत होता, भिंतीतल्या खिळ्यासारखा गप्प. थरथरत मी होते. केस धरलेले हात, गुडघे, सगळं. गाडीवर, ग्रिपांवर, त्या कंडिशनरवर मी इतके दिवस चिडत होते, ती नुसती भीती होती. यांच्या हाताला काही झालं तर यांचं काय होईल, हे मला कुणाला सांगता आलं नव्हतं, यांनाही नाही.

यांनी डावा तळवा माझ्या डोक्यावर ठेवला, घाबरलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि वाट बघत उभे राहिले. तळवा गरम होता आणि जड होता. माझा श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "आता?"

"आता," मी म्हटलं.

मानेवरून वस्तरा फिरला तो मला केस खाली पडल्यामुळेच कळला. कॅप्टनच्या लेकीने वाकून निरखून पाहिलं आणि कापसाचा बोळा पुन्हा बाटलीशेजारी ठेवून दिला.

"चला," कॅप्टन हनुवटी वर करत म्हणाले, "माझी पाळी."

हे पेटीतून टॉवेल काढत होते. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि कॅप्टनच्या गळ्याशी स्वतः खोचला.