एवढ्याच खुर्च्या?

आपल्याला नेमकं किती हवंय हे माणसाला कधीच धड ठाऊक नसतं, अशी माझी पक्की समजूत होती आणि त्या समजुतीवर माझं पोट चालतं. मी ऑनलाइन कोटेशनचे फॉर्म बनवतो. फरशा, पडदे, पाण्याच्या टाक्या, काय वाटेल ते. गिऱ्हाइकाने रकान्यात नग भरायचे, खाली अंदाजे खर्च दिसतो, पटला तर बटण दाबायचं. ऐकायला सोपं आहे. पण मोकळा रकाना समोर ठेवला की भलेभले गांगरतात. कुणी ‘बरेच’ लिहून मोकळा होतो, कुणी ‘घरी येऊन बघा’ लिहितो. एका गृहस्थांनी पडद्यांच्या रकान्यात स्वतःचा फोन नंबर लिहिला होता आणि त्यांना तेवढ्या पडद्यांचं कोटेशन गेलंही होतं. अशा लोकांना हळूच हाताला धरून योग्य आकड्यापर्यंत न्यायचं, हे माझं काम. योग्य आकडा म्हणजे अर्थात फॉर्म करवून घेणाऱ्या मालकाला परवडेल तो.

खुर्च्या भाड्याने देणाऱ्या एका मालकाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं दुखणं हे होतं की लोक वीस-पंचवीस खुर्च्या मागतात आणि तेवढ्यासाठी गाडी काढणं अंगावर येतं. पन्नासच्या खाली आम्ही देत नाही, असं लाल अक्षरांत लिहून टाका, असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला समजावलं की लाल अक्षरं पाहून माणूस पळून जातो. मी रकान्यात आधीच पन्नास घालून ठेवले. कुणी कमी आकडा टाकला तर तो आपोआप परत पन्नास व्हायचा, गपचूप, कुठेही चूक न दाखवता. अधिकचं बटण दाबलं की आकडा पंचविसांनी वर जायचा. आणि शंभरच्या वर जाईपर्यंत खाली एक बारीकशी ओळ दिसत राहायची: ‘एवढ्याच? माणसं आयत्या वेळी वाढतात.’

या ओळीवर मी जाम खूश होतो. मालकही खूश होता. जन्मभर दुकानात बसून जे त्याला तोंडाने जमलं नव्हतं ते फॉर्मने महिनाभरात करून दाखवलं होतं. घरी मी बायकोला ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, दुकानात कुणी तिला असं विचारलं असतं तर ती पिशवी तिथेच टाकून बाहेर पडली असती. मी म्हटलं, म्हणूनच तर हे दुकानात नाही, फॉर्ममध्ये आहे. फॉर्मला तोंड नसतं, त्यामुळे त्याच्याशी कुणी भांडत नाही. आपल्या या वाक्यावरही मी तेव्हा खूश झालो होतो.

आता आईबद्दल. आईने सगळी नोकरी एका इस्पितळाच्या धुलाईघरात काढली. चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या यंत्रांचा आवाज एवढा की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. तिथे ती गात असे. कुणाला ऐकू जायची भीती नव्हती म्हणूनच गात असे. निवृत्त झाल्यावर तिने गाण्याच्या बाईंकडे शिकायला सुरुवात केली, आणि काही वर्षांनी बाईंनी टुमणं लावलं की आता चार माणसांसमोर गायला हवं. आईने खूप दिवस टाळलं. शेवटी तिच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल ठरला. हॉल फुकट होता, पण त्यात खुर्च्या नव्हत्या.

तिने मला फोन करून तीसेक खुर्च्यांचं तेवढं बघायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं आणि विसरलो. तिने आठवण केली तेव्हा टाक्यांच्या फॉर्ममध्ये गोंधळ झाला होता आणि माझं डोकं फिरलं होतं. मी तिला त्या खुर्च्यांवाल्याच्या साइटचं नाव पाठवलं आणि म्हटलं, अगं, फॉर्म मीच केलाय, शेंबडं पोरही भरेल. यावर ती रागावली नाही. उलट तिचा आवाज खुलला. तू केलायस होय, मग भरते की, असं म्हणाली. त्या दिवशी नंतर तिचे दोनदा फोन आले. दोन्ही वेळा मी ‘मीटिंगमध्ये आहे’ हा फोनमधला तयार निरोप पाठवून दिला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी आणि बायको हॉलवर पोचलो आणि दारातच थबकलो. आत सव्वाशे खुर्च्या होत्या. पांढऱ्या, प्लास्टिकच्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पायाला पाय लावून मांडलेल्या. मधून जायला वाटसुद्धा ठेवलेली नव्हती. पुढे लाकडी चौथऱ्यावर बाईंचा कीबोर्ड, आणि बाजूच्या टेबलावर बिस्किटांच्या पुड्यांचा हा एवढा ढीग, शेजारी कागदी कपांच्या चळती. आईने निळी शाल घेतली होती. ती पाण्याचा ग्लास कुठे ठेवावा ते बघत होती.

लाज नंतर वाटली. आधी माझा पारा चढला, तोही तिच्यावरच. बाईंच्या देखत, मोठ्या आवाजात मी विचारलं, “आई, एवढ्या खुर्च्या मागवायला कुणी सांगितलं होतं तुला?”

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. “तूच की.”

मी म्हटलं, मी कधी? तेव्हा तिने सांगितलं, आणि सांगताना तिला मजा वाटत होती. “मी तीस टाकले, तर तू ते खोडून पन्नास केलेस. परत तीस टाकले, परत तेच. म्हटलं, काहीतरी विचार करूनच करत असशील. मग विचारलंस, एवढ्याच? मी एकटीच हसले. लहानपणी ताटात काहीही वाढलं की तुझं हेच असायचं, एवढंच? मग वाढवल्या, तर परत विचारलंस. म्हटलं, पोराला वाटतंय ना माणसं येतील, मग येतील.”

बिस्किटंही तिने त्याच हिशेबाने आणली होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. एरवी तिने माझी पार फिरकी घेतली असती, पण ती हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

लोक यायला लागले. इमारतीतली काही मंडळी, धुलाईघरातल्या दोन जुन्या मैत्रिणी, बाईंचे दुसरे विद्यार्थी. जेमतेम वीस असतील. तीस खुर्च्या असत्या तर हॉल भरल्यासारखा दिसला असता. पण एवढ्या मोकळ्या खुर्च्या दिसल्या की कुणीही पुढे बसत नाही. एकजण दाराजवळ, एकजण खांबाआड, एक जोडपं पार मागे, आणि दोन माणसांमध्ये अख्खी रांग मोकळी. धुलाईघरातल्या मैत्रिणी तेवढ्या पुढे जाऊन बसल्या आणि मागे वळून वळून बघायला लागल्या. मी आणि बायकोने घाईघाईने मागच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावायला सुरुवात केली. आईने लगेच हात केला. राहू दे, म्हणाली, मागून येतील त्यांना कुठे बसवशील?

ठरलेली वेळ होऊन गेली. चौथऱ्याच्या बाजूला एक सामानाची खोली होती. आई तिथून बाहेर यायची, दाराकडे बघायची, आत जायची. माणसं घड्याळं बघायला लागली, एकजण उठून फोनवर बोलायला बाहेर गेला. बाई माझ्याजवळ आल्या. सुरू करू या म्हटलं तरी तुमच्या आई ऐकत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. आई त्यांना म्हणाली होती की थोडं थांबू, माझ्या मुलाचा अंदाज आहे, त्याचं कामच ते आहे. मला बरं वाटेल म्हणून बाईंनी हे सांगितलं असावं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

कुणीतरी तिला सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. तरी मी आधी बायकोकडे पाहिलं. तिने नजर दुसरीकडे वळवली. मग मी त्या खोलीत गेलो. झाडू, रंगाचे डबे, विजेचे मीटर. बाहेर एवढ्या खुर्च्या आणि आई रंगाच्या पालथ्या डब्यावर बसली होती, शालीचा कोपरा हातात धरून, ओठांतल्या ओठांत गाणं घोळवत.

“आई, ते मी नव्हतं विचारलं,” मी म्हटलं. “तो फॉर्म विचारतो. जो भरेल त्याला विचारतो. खुर्च्या जास्त खपाव्यात म्हणून मी ती ओळ घातलीय. माणसं किती येणार हे मला काय ठाऊक.”

“सगळ्यांनाच विचारतो?”

“हो.”

शालीच्या कोपऱ्याला नसलेली धूळ तिने झटकली. “मला वाटलं, मलाच विचारलंस,” ती म्हणाली. मग साध्या आवाजात तिने विचारलं की आता आणखी कुणी यायचं नाही ना. मी नाही म्हटलं. ती बरं म्हणाली, ग्लासातलं पाणी प्यायली आणि उठून बाहेर गेली. तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी तिचे उपकार मानले असते.

ती गायला लागली. आवाज आधी अगदी बारीक निघाला, घरातल्या घरात गुणगुणावं तसा. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. मान वर करायची हिंमत होत नव्हती. मधल्या त्या रिकाम्या खुर्च्यांच्या सगळ्या पाठी माझ्याच नावाने मांडून ठेवल्या आहेत असं वाटत होतं. काहीतरी केल्याशिवाय मला बसवेना, म्हणून मी फोन काढला. निदान दुसऱ्या कुणाच्या आईवर ही पाळी येऊ नये, असं मनाशी म्हटलं. त्या वेळी हा विचार मला फार थोर वाटला.

मी फॉर्म उघडला. ओळ काढून टाकली. कमीत कमी आकडा एक केला. बटण दाबल्यावर आकडा पंचविसांऐवजी एकाने वाढेल असं केलं. तपासायला तीस टाकून पाहिले तर तीस राहिले, पण खाली खर्च दिसेना. ते दुरुस्त करता करता गाडीभाड्याचं गणित बिघडलं. ते मार्गी लावलं आणि मालकाला लांबलचक निरोप लिहिला. त्याचं लगेच उत्तर आलं, की हा काय आचरटपणा, सगळं होतं तसं करा. मी त्याला माणुसकीवर दोन गोष्टी सुनावल्या. त्याने आणखी काही लिहिलं, मीही लिहिलं. बायकोने एकदा कोपराने ढोसलं, मी हो हो म्हटलं. नंतर तिने ढोसलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या, फोन मांडीवर ठेवून.

घरी जाताना बरंच अंतर गेल्यावर बायकोने एवढंच सांगितलं, की मधल्या एका गाण्यात आई ओळ विसरून थांबली होती, आणि थांबली तेव्हा तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं होतं. कुठलं गाणं, असं मी विचारलं नाही. आई एकूण किती गाणी गायली हेही मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो. खुर्च्यांची गाडी येऊन माणसं सगळ्या खुर्च्या घेऊन गेली होती. हॉल पुन्हा उघडाबोडका दिसत होता. आई टेबलाशी उभी राहून न वापरलेले कप पिशवीत भरत होती. मी बिस्किटांचे पुडे खोक्यात रचायला लागलो. ही बिस्किटं तुला वर्षभर पुरतील, असं काहीतरी मी म्हणालो, पण तो विनोद तिथेच मेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चष्मा घरी होता म्हणून तिने फोन लांब धरला आणि एकेक शब्द सावकाश मोठ्याने वाचला. “कार्यक्रम कसा झाला? आम्हाला ऐकायला आवडेल.” खाली हसरा चेहरा होता. खुर्च्या परत गेल्या की गिऱ्हाइकाला हा निरोप आपोआप जायचा. तोही माझाच, आणि काल एवढं सगळं बदलताना मी तो साफ विसरलो होतो.

आईने फोन माझ्यासमोर धरला. “हे तू विचारतोयस, की ते?”

“ते,” मी म्हटलं.

तिने मान हलवली, फोन बिस्किटांच्या खोक्यावर पालथा ठेवला आणि परत कप एकात एक घालू लागली. मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ते सहन होईना. मी तिच्या हातातले कप काढून घेतले आणि म्हटलं, “मी विचारतोय. कसा झाला, आई?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“तू होतास की तिथेच,” ती म्हणाली, आणि कपांसाठी तिने हात पुढे केला.