भागोजींच्या होडीचं पान

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. मुरुडच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीत तेरा वर्षं एकाच टेबलावर बसलोय. खाऱ्या वाऱ्यानं माझे स्क्रू गंजले, पण मन अजून शाबूत आहे.

माझं काम सोपं. होडी दर्यात निघाली की पडद्यावर तिचं पान उघडायचं: फोटो, खलाशांची नावं, फोन नंबर. होडी परतली की घरच्या बाईनं येऊन ते मिटायचं. दर्यात असलेल्या होडीचं पान मिटणं अशुभ, म्हणून मला कधी बंदच करत नसत. नवा होतो तेव्हा माझ्या पडद्याला हारसुद्धा घातला होता.

गोदूबाईंचे यजमान भागोजी तीन वर्षांपूर्वी दर्यात गेले, ते परतलेच नाहीत. त्यांचं पान उघडंच राहिलं. बाजारात जाण्याआधी गोदूबाई रोज येऊन तो फोटो बघतात.

पण उघडी पानं मेमरीत जागा अडवतात. आमचा होड्यांचा प्रोग्रॅम तर भारी हावरट, घेतलेली जागा परत द्यायचं नावच काढत नसे. मी घडीघडी अडकू लागलो. सेक्रेटरी कमलेश वैतागले. "एक तर सगली पानं मिटा, न्हाय तर याला भंगारात देतो!"

गोदूबाई मला धरून उभ्या राहिल्या. "माज्या मालकाचा पान मिटाचा न्हाय."

मला फार वाईट वाटलं. त्या पानापायी मी जाणार होतो आणि माझ्यापायी ते पान.

त्यांची नात प्राप्ती अलिबागला कॉम्प्युटर शिकते. ती म्हणाली, "आजी, मिटायचं न्हायच. नुसती जागा मोकळी करू." तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो माझ्या ऑपरेटिंग सिस्टिमला, म्हणजे माझ्या घरच्या कारभाऱ्याला, सांगतो: ज्या पानांकडे बराच वेळ कुणी पाहिलं नाही, ती मेमरीतून उचल, डिस्कवर जपून ठेव, हाक आली की परत आण. एकही पान मिटलं नाही आणि मी एकदम हलका झालो. कमलेशनी दोनदा माउस हलवून पाहिला आणि चहा प्यायला गेले.

आता भागोजींचा फोटो यायला चार-पाच सेकंद लागतात. पहिल्या दिवशी गोदूबाई घाबरल्या. आता टोपली खाली ठेवून निवांत थांबतात. "येतीन," म्हणतात, "घाई न्हाय."

मित्रांनो, जुनं यंत्र जरा थांबलं तर रागानं त्याची वायर ओढू नका. ते कुणाला तरी आणायला गेलेलं असेल.