शेवटच्या भागाचा आवाज

आमची सून टीव्हीच्या वाहिनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, हे मी कुणाला आपणहून सांगत नाही. समोरच्याने विचारायला उशीर लावला, तर विषय तेवढा तिकडे वळवते.

जुन्या कौटुंबिक मालिका परत दाखवायच्या हे तिचंच खूळ. त्यासाठी ती साहेबाशी भांडली. साहेबाला हवी होती नाचाची स्पर्धा. ही म्हणाली, घरातले सगळे एका खोलीत बसून बघतील असं आठवड्यातून एकदा तरी दाखवू या, सासऱ्यापुढे सुनेला आणि नातीपुढे आजीला मान खाली घालावी लागणार नाही असं. साहेब म्हणाला, "एक लावून बघ. पण अर्ध्यात गचकली, तर रविवारची वेळ नाचाला आणि तुझा विभाग बंद."

तिने निवडली ती घड्याळवाल्याची मालिका. एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, त्याच्या तीन मुली, पुढे दुकान आणि मागे घर. संपलं. कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नाही की कुणाला जिन्यावरून ढकलत नाही. आमच्या तरुणपणी ती लागली की रस्ता ओस पडायचा. आता परत लागली, तर तेच. जिन्यात भेटेल तो विचारतो, "धाकटी घरी परत येते का हो शेवटी?" माझी नणंद शेजारच्याच इमारतीत राहते. एरवी तिचे गुडघे दुखतात. रविवारी मात्र जाहिराती संपायच्या आत येऊन चांगली खुर्ची पटकावते.

शेवटचा भाग उरला होता. गुरुवारी सूनबाई घरी आली ती चपलाही न काढता खुर्चीत बसली.

"काय गं, वाटेत कुणी मारलं की काय?" मी म्हटलं.

"आई, शेवटच्या भागाला आवाजच नाहीये."

"म्हणजे?"

"चित्र आहे. आवाज गेलाय. आज तपासायला काढला, तर सगळे नुसती तोंडं हलवतायत. दुसरी प्रत शोधली. नाहीये."

"मग दुसऱ्या कुणाकडून बोलून घ्या. तुमच्याकडे काय आवाजांचा तोटा आहे?"

"काय बोलले तेच कुणाला आठवत नाही. लिहिलेलं काही उरलेलं नाही. आणि त्या म्हाताऱ्याचं काम करणारा नट केव्हाच गेला. त्याच्या तोंडात परका आवाज घातला, तर लोक मला फाडून खातील."

"खाली अक्षरं लावा."

"तुम्ही वाचाल?"

मी दोन इयत्ता शिकले. अक्षराला अक्षर जोडेपर्यंत चित्र पुढे पळतं.

तिला जेवायला वाढलं. तिने दोन घास चिवडले आणि ताट सरकवलं. माझ्या हातचं ताट या घरात कुणी सरकवत नाही. एरवी मी तिला सोडली नसती, पण तिच्या तोंडाकडे बघून ताट मुकाट्याने झाकून ठेवलं.

आमचे हे खिडकीशी पेपर वाचत होते. ह्यांना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणजे नको ते बरोबर ऐकू येतं. पेपर खाली न करता म्हणाले, "कॅसेट."

मी असे डोळे वटारले, की पेपरलाच भोक पडायचं.

"कसली कॅसेट?" सूनबाई म्हणाली.

"काही नाही गं. ह्यांचं काहीतरीच."

"हिने भरून ठेवलेली," हे म्हणाले. "माझ्यासाठी. आवाज आहे त्यात."

मग सांगावंच लागलं. हे तेव्हा पाणी उपसायच्या केंद्रावर दुसऱ्या पाळीला असायचे. मालिका लागायची तेव्हा हे पंपांपाशी. घरी आले की तोंड एवढंसं करून विचारायचे, आज काय झालं? रोज रोज कोण सांगणार? म्हणून मी टीव्हीसमोर स्टूल ठेवायचे, स्टुलावर टेपरेकॉर्डर, आणि सगळा भाग भरून घ्यायचे. पण आवाजात चित्र कुठे दिसतं? दार वाजलं, तर कोण आलं? म्हणून मध्ये मध्ये मी बोलायचे. आता म्हातारा उठला, आता थोरलीने चिठ्ठी लपवली. पात्रं बोलत असतील तेव्हा आपण तोंड उघडायचं नाही, हा माझा नियम. बहुतेक वेळा पाळलेला. मग हे जेवता जेवता ऐकायचे.

सूनबाई उठून उभी राहिली. "शेवटच्या भागाची आहे?"

"असेल कुठेतरी. खराब झाली असेल."

"आई, आहे का?"

आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या पडद्यांच्या खाली. मला लिहायचा कंटाळा, म्हणून कॅसेटला रंगीत दोरे बांधलेले. शेवटच्या भागाला लाल. पण द्यायची कशी? त्यात मी काय काय बोलले होते देव जाणे. तीस वर्षांची होते, जिभेला हाड आजही नाही, तेव्हा तर विचारूच नका. आणि दुसरी गोष्ट अशी, की तो शेवटचा भाग बघताना मी रडले होते. या घरात मला रडताना कुणी पाहिलेलं नाही. सासू गेली तेव्हाही मी पाहुण्यांचा चहा बघत होते.

सूनबाईने मग विचारलं नाही. नुसती बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला मला उत्तर देता येतं. मी पेटी ओढली.

शनिवारी आम्ही तिघंही तिच्या कचेरीत गेलो. आवाजाचं काम बघणारा मुलगा केस पाठीवर सोडलेला, पण हात बाईपेक्षा हलके. त्याने कॅसेट उलटीसुलटी केली आणि तोंड वाकडं केलं.

"फीत चिकटलीये. आतला स्पंजही गळून पडलाय. नव्या डबीत घालतो. पण एकदाच चालवू. दुसऱ्यांदा चालवायला ती उरेलच असं नाही."

"तुटली तर?" सूनबाईने विचारलं.

"तर तुटली."

तो छोट्या पेचकसाने एकेक स्क्रू काढत होता आणि माझा जीव त्या स्क्रूंबरोबर वर-खाली होत होता. सूनबाई भिंतीला टेकून नखं खात होती. हे तेवढे निवांत, फिरत्या खुर्चीवर बसून हळूच गोल फिरून बघत होते. मी चिमटा काढला तेव्हा थांबले.

फीत चालू झाली. आधी नुसती खरखर. मग पातेलं पडल्याचा आवाज. मग मी.

"अहो, सुरू झालं बघा. म्हातारा दुकानात एकटाच बसलाय. चेहरा उतरलेला. जेवलेला दिसत नाही."

आणि लगेच म्हाताऱ्याचा आवाज! तोच, खोल, घसा बसल्यासारखा. सूनबाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. पडद्यावर म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, आणि त्या मुलाने काहीतरी खालीवर केलं तसे ओठ आणि शब्द एकमेकांना येऊन मिळाले.

"चालतंय," तो म्हणाला. "आजी, तुमचा आवाज जिथे जिथे एकटाच आहे, तिथे कापून टाकीन. कुणाला कळणारही नाही."

माझ्या छातीवरचा दगड थोडा हलला. तेवढ्यात पडद्यावर थोरली मुलगी रागाने बोलायला लागली, आणि तिच्याबरोबर मीही. "ही बघा, नाक कसं उडवते. अगदी तुमच्या बहिणीचं नाक. भजी तळायच्या झाऱ्यासारखं."

हे फिरत्या खुर्चीत हसायला लागले. तेवढं ऐकू आलं!

"हे काढ," मी म्हटलं.

"हे नाही निघणार, आजी. तिच्या बोलण्यावरच बोललायत. काढलं तर तिचंही जाईल."

नियम बहुतेक वेळा पाळला होता म्हणाले ना.

फीत कण्हत कण्हत पुढे सरकत होती. दोनदा आवाज बसला, दोनदा उठला. मधलीचं लग्न ठरलं, दुकान विकायचं राहिलं. मग शेवटचा प्रसंग आला. घर सोडून गेलेली धाकटी दुकानाच्या दारात येऊन उभी राहते. म्हातारा काम करतोय. त्याचे ओठ हलले, आणि

खटॅक्.

मग ताटात चमचा वाजल्याचा आवाज. मग ह्यांचा आवाज, तरुण, तोंडात घास: "अगं, हे थांबलं का? बोलतच नाहीये."

आणि मी: "अहो! भरायचं लाल बटण दाबलंत! खरकट्या हाताने दोन्ही बटणं दाबता! पुसलं की हो सगळं!"

हे मी पार विसरले होते. यंत्रं फिरत होती. सूनबाईचा चेहरा असा पांढरा पडला, की मला वाटलं आता खाली बसते. म्हाताऱ्याचे ओठ पडद्यावर हलत होते आणि त्यावर आमचं नवराबायकोचं भांडण ऐकू येत होतं. मी ह्यांच्याकडे वळले. "शेवट खाल्लात तुम्ही. जेवणाबरोबर खाल्लात."

"काय म्हणतेस?" हे म्हणाले.

फीत मात्र थांबली नव्हती. भांडणाच्या नादात तेव्हा ते बटण बंद करायचं राहिलं असणार.

"बरं, मग तूच सांग," कॅसेटमधले हे म्हणाले. "येते का ती?"

"येते. दारात उभी राहते. म्हातारा मान वर करत नाही."

"काही बोलत नाही?"

"म्हणतो, दार लाव, धूळ येते घड्याळात."

"बस? कुठे होतीस, का गेलीस, काही नाही?"

"काही नाही. मग ती दार लावते. आतून."

"रडतो का म्हातारा?"

"छे. भिंग पुसतो. बघणाऱ्याला कळतं."

थोडा वेळ नुसता चमचा वाजला. मग ह्यांनी विचारलं, "तुझा आवाज का असा झालाय?"

"सर्दी झालीये. जेवा तुम्ही."

आणि नाक ओढल्याचा आवाज. कुठलीही सर्दी असं नाक ओढत नाही, लहान पोराला विचारा. मग फीत आतून सुटली आणि नुसती फडफड ऐकू आली.

त्या केसवाल्या मुलाने यंत्र बंद केलं आणि उगीचच चष्मा पुसला. सूनबाई पडद्याकडे बघत होती. पडद्यावर धाकटी दाराला पाठ लावून उभी.

"आई," ती म्हणाली, "हे असंच लावलं तर? चित्र त्यांचं आणि सांगणं तुमचं."

"वेडी आहेस? सगळं जग ऐकेल."

"हो."

"माझं नाक ओढणं ऐकेल."

"हो. तुम्ही नाही म्हणालात तर नाही लावणार. साहेबांना सांगेन, शेवट मिळाला नाही."

एवढं बोलून ती पिशवी आवरायला लागली. पुन्हा मागितलं नाही, डोळ्यात पाणी आणलं नाही. हिला कुणी शिकवलं हे? मीच शिकवलं असणार, माझ्याच घरात राहते ती. दारापाशी पोचली तेव्हा मी म्हटलं, "लाव. पण मला काय झालं होतं कुणी विचारलं, तर सर्दी."

"सर्दी," ती म्हणाली.

रविवारी सगळं घर टीव्हीसमोर. नणंदबाई चांगल्या खुर्चीत. मी सकाळपासून तीनदा ओटा पुसला होता. सूनबाईचा फोन कोचावर उलटा पडलेला. साहेबाने आधी भाग बघितलाच नव्हता. "थेट बघतो, मग बोलतो," एवढंच म्हणाला होता. तिच्यासाठी वाढलेलं ताट टेबलावर तसंच होतं. गुरुवारपासून तिच्या पोटात चहा आणि बिस्किटांपलीकडे काही गेलं नव्हतं.

नाकाचं वाक्य आलं. नणंदबाई सावकाश माझ्याकडे वळल्या.

"वहिनी, हे माझं नाक?"

"नाही हो वन्सं, तिचं."

"झाऱ्यासारखं?"

"तेव्हा तसं होतं. आता सुधारलंय."

त्या काही तरी बोलणार होत्या, पण धाकटी दारात आली. खटॅक् झालं. ह्यांचा तरुण आवाज घरभर पसरला, आणि मागोमाग माझा. मला कुठे बघावं कळेना. पदर बोटाला गुंडाळत बसले. शेजारच्या घरातूनही माझाच आवाज येत होता, खालून, वरून, अर्धा क्षण मागेपुढे. दार लाव, धूळ येते घड्याळात.

हे कानामागे हात धरून पुढे झुकले. "काय म्हणतेय ती? पुढे काय झालं?"

"अहो, ती मीच आहे," मी ओरडले. "तुम्हालाच सांगतेय."

धाकटीने दार लावलं. म्हाताऱ्याने भिंग पुसलं. मी जगापुढे नाक ओढलं. नावं वर सरकायला लागली.

नणंदबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. नाकाचं विसरल्या नव्हत्या, पण पुढे ढकललं होतं. सूनबाई फोनकडे बघत होती. फोन गप्प. खालच्या रस्त्यावर एक गाडी गेली, तेवढाच आवाज. मनात म्हटलं, आता नाच बघायचा आपण, जन्मभर.

मग फोन कोचावर थरथरला. तिने उचलला. वाचला. परत वाचला.

"काय म्हणतो मेला?" मी विचारलं.

"विचारतायत, पुढची मालिका कोणती."

एवढं म्हणून ती उठली, टेबलापाशी गेली आणि ताट पुढे ओढलं.

"गार झालंय ते," मी म्हटलं. "आण इकडे, गरम करून देते."

"राहू दे, आई. असंच चालेल."

"चालेल काय! माझ्या घरात कुणी गार खात नाही," असं म्हणून मी ताट उचललं आणि आत गेले. ओट्यापाशी तोंड भिंतीकडे करून जरा वेळ उभी राहिले. बाहेरून ह्यांनी विचारलं, काय झालं गं?

"सर्दी," मी म्हटलं.