कोरा शिक्का

राजेश्वरीने एंटर दाबलं आणि टेबलावरच्या पेटीतला लाल दिवा लागला. तिने पाठवलेला खोटा निरोप पेटीने नाकारला होता.

“अजून एक,” चन्नप्पा म्हणाले.

सकाळपासून हेच चाललं होतं. अक्कलकोटकडच्या एका गावात चन्नप्पा बत्तीस वर्षं सामाईक पाइपलाइनचे व्हॉल्व्ह सोडत होते. ते काम आता, मोबाइलवरून निरोप आला की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या राजेश्वरीच्या पेटीकडे द्यायचं ठरलं होतं. पण चन्नप्पांनी मान डोलावल्याशिवाय पेटी बसवायची नाही, असं पंचांनी बजावलं होतं. म्हणून म्हातारा एसटीने सोलापूर गाठून तिच्या खोलीत ठाण मांडून बसला होता. तिचं स्वतःचं हे पहिलंच काम, आणि ह्याला हातातलं काम सोडवत नाही म्हणून खुसपटं काढतोय, असं तिच्या मनाने घेतलेलं.

“काका, प्रत्येक निरोपासोबत शिक्का येतो. निरोप आणि गुप्त किल्ली एकत्र कालवली की बत्तीस आकडे निघतात, प्रत्येक शून्य ते दोनशे पंचावन्नमधला, तोच शिक्का. निरोपातलं एक अक्षर बदला, सगळा शिक्का बदलतो. पेटी स्वतः शिक्का काढते आणि आलेल्याशी ताडून बघते.”

“आन् शिक्का कोराच आला तर?”

“कोरा कोण पाठवेल?”

“लई जण. माज्याकडं पाणी सोडायच्या बिनसहीच्या चिठ्ठ्या यायच्या की. पंचांची सही उद्या आणतो, म्हणायचे.”

त्यांचं मन राखायला तिने हजार वेगवेगळे निरोप तयार करून पाठवले, शिक्क्याच्या जागी नुसती शून्यं. पेटीने नऊशे शहाण्णव नाकारले. चार मान्य केले.

राजेश्वरीने तडक प्रोग्राम उघडला. चूक लगेच सापडली. शिक्के ताडायला तिने सी भाषेतलं शब्द ताडायचं तयार फंक्शन वापरलं होतं, आणि ते शून्य दिसलं की शब्द संपला समजून थांबतं. खरा शिक्का शून्याने सुरू झाला की कोराही त्याच्याशी जुळायचा. पुढच्या एकतीस आकड्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तिने बत्तीसच्या बत्तीस आकडे शेवटपर्यंत ताडायला लावले. मग हजार नाही, लाख कोरे निरोप सोडले. एकही आत गेला नाही. खरा पाठवला, तेव्हा हिरवा दिवा लागला. तिला हायसं वाटलं, आणि लाजही.

“काका, खरं सांगू? मला वाटलं, तुम्हाला काम सोडायचंच नाही.”

चन्नप्पा हसले. “न्हाय वो अक्का. लेक करकंबला दिलीया, बारा वर्सं झाली. पाण्याच्या पाळीपायी तिच्याकडं एक मुक्काम केला न्हाय. खात्री पटल्याबिगर पाणी कुणाच्या हवाली करून जायाचं?”

“मग? पंचांना काय कळवू?”

चन्नप्पांनी खिशातला मोबाइल काढला. डोळे बारीक करून लेकीचा नंबर लावला.

“दाक्षायणी, मी बोलतोय. सोमवारी येतो,” ते म्हणाले, आणि पलीकडचं ऐकून घेतलं. “व्हय. ऱ्हायलाच.”