प्रश्न क्रमांक २१४

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, टोकियोच्या गिंझा भागातल्या प्रदर्शनाच्या दालनात, कुरोकी-सान यांनी काचपेटीतल्या दुरुस्तीच्या वहीकडे बोट दाखवलं.

"हे बॉलपेननं लिहिलंय," ते म्हणाले.

कुरोकी-सान ब्याऐंशी वर्षांचे. निवृत्त घड्याळ-कारागीर, उद्घाटनाचे पाहुणे, नेहमीप्रमाणे वेळेच्या बरंच आधी आलेले. दालन अकराला उघडणार होतं. शेजारी अनघा उभी होती. मूळची पुण्याची, नऊ वर्षं टोकियोत, एका आयटी कंपनीत कंत्राटावर. 'मॉर्वियर' या स्विस घड्याळ कंपनीच्या टोकियोतल्या अकरा जुन्या वह्या तिच्या गटानं संगणकावर आणल्या होत्या.

वहीच्या वर फलक होता: '१९३१. मनगट कुठल्याही दिशेला हललं तरी स्वतःला चावी देणारं घड्याळ. जगात पहिलं.'

गेल्या वर्षापर्यंत कंपनी स्वतःच १९४८ सांगत होती. त्याआधी त्यांच्या घड्याळातलं वजन एकाच दिशेनं फिरलं तर चावी भरायची, उलटं फिरणं वाया जायचं. टोकियोच्या वहीत अशा दुतर्फा घड्याळाची दुरुस्ती सापडली, वर्षाच्या रकान्यात '३१', आणि शोध सतरा वर्षं मागे गेला. त्यासाठीच स्वित्झर्लंडहून संचालक आले होते.

"१९३१ साली बॉलपेन कुठलं?" कुरोकी-सान म्हणाले. "हे शोवा एकतीस. सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष. म्हणजे १९५६."

अनघानं वही प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिली. तिच्याकडे आली होती ती कृष्णधवल छायाचित्रं. त्यांत सगळी शाई सारखीच. पहिल्या सहा वह्यांच्या प्रती स्वित्झर्लंडला जात, म्हणून त्यांत इसवी सन होतं. युद्धानंतर प्रती पाठवणं थांबलं आणि कारकून देशाच्या पद्धतीवर आला. वर्ष म्हणजे इसवी सन, हा एकच नियम तिनं अकराही वह्यांना लावला होता.

विचारलं नव्हतं असं नाही. प्रश्न क्रमांक २१४: सातव्या वहीपासून वर्ष कोणत्या पद्धतीचं? उत्तराचा रकाना रिकामा राहिला. पण प्रश्नांचा कागद वरिष्ठांची सात टेबलं फिरून आला तेव्हा त्यावर सात लाल शिक्के होते. ती तेव्हा रोज रात्री अकराच्या गाडीनं घरी जात होती. शिक्क्याचा अर्थ नुसतं 'पाहिलं' असाही होतो, पण तिनं मंजुरी धरली.

तिनं निशी-कसाई या उपनगरात राहणाऱ्या धीरजला फोन लावला. तो तिच्याच गटातला.

"अगं, सात शिक्के आहेत! तू कशाला मान पुढे करतेस?"

"नियम मी लिहिला, धीरज."

"आणि तुझं कंत्राट एकतीस तारखेला संपतंय, ते? लेकीच्या शाळेचं काय करणारेस?"

"बॉलपेन आहे रे."

"मग सांग त्यांना, मॉर्वियरनं बॉलपेनचाही शोध लावला. तोही जगात पहिला."

ती हसली नाही. त्यानंही पुढे ताणलं नाही.

नऊ वीसला प्रकल्पाचे प्रमुख मोरी-सान आले. त्यांनी कुरोकी-सान यांचं म्हणणं वाकून, शेवटपर्यंत ऐकलं. मग अनघाला बाजूला घेतलं.

"प्रश्न यादीत होता?"

"होता."

"उत्तर नव्हतं?"

"नव्हतं. शिक्का होता. तुमचाही."

मोरी-सान यांनी डोळे चोळले. तेही तीन रात्री झोपलेले दिसत नव्हते. "आज संचालक बोलणार आहेत," ते म्हणाले. "आज लिहू नका. उद्या बघू."

"उद्या वर्तमानपत्रात येईल, मोरी-सान."

नऊ पन्नासला तिनं शिक्के मारणाऱ्या सातही जणांना ईमेल पाठवला. तीन ओळी. १९३१ चुकीचं आहे. बहुधा १९५६. नियम माझा होता.

अकराला दालन उघडलं. संचालक बारा मिनिटं बोलले आणि त्यांनी १९३१ दोनदा म्हटलं. कुरोकी-सान भाषण संपायच्या आत, कोट हातावर टाकून निघून गेले.

याला अठरा दिवस झाले. काल संध्याकाळपर्यंत फलक तसाच होता. वही तपासणीसाठी जिनिव्हाला गेली आहे. एकतीस तारखेला चार दिवस उरलेत आणि कंत्राटाचं पत्र आलेलं नाही. अनघाच्या तीन ओळींची छापील प्रत सात टेबलं फिरून परत आली आहे. तिच्यावर पाच शिक्के आहेत. रिकाम्या दोन चौकोनांपैकी एक मोरी-सान यांचा आहे.